‘घरच्यासारखा’ माणूस आणि त्याची हरवलेली सुट्टी

“आजकाल माणसं टिकत नाहीत.” कोणत्याही छोट्या दुकानाच्या गल्ल्याजवळ दोन मिनिटं उभं राहा, हे वाक्य कानावर पडतंच. दुकान कापडाचं असो, चपलांचं असो, नाहीतर बेकरी. पुढची वाक्यंही ठरलेली असतात. पोरं न सांगता खाडे करतात. उचल घेतात आणि गायब होतात. ऐन हंगामात समोरच्या दुकानात जाऊन उभी राहतात. गिऱ्हाईक दारात आणि यांची नजर मोबाइलमध्ये. आणि शेवटी, जरा आवाज खाली आणून: “घरच्यासारखं वागवतो हो, तरी ही तऱ्हा!”

माझं म्हणणं असं, की वरच्या सगळ्या तक्रारींचं मूळ या शेवटच्या वाक्यात आहे.

‘घरच्यासारखा’ म्हणजे नेमकं काय, हे एकदा वही घेऊन बघू. घरच्या माणसाला नेमणूकपत्र लागत नाही. त्याचे तास कोणी मोजत नाही. शटर वर करण्यापासून मालकाच्या घरी दूध पोचवण्यापर्यंत त्याला काहीही सांगता येतं. हे सगळं दुकानातल्या माणसाला लागू होतं. पण घरच्या माणसाला नफ्यात वाटा असतो, गल्ल्याला हात लावायची मुभा असते, आजारपणात त्याच्यावर होणारा खर्च कोणी लिहून ठेवत नाही. यातलं काहीच याला लागू होत नाही. म्हणजे राबण्यापुरता घरचा आणि हक्काच्या वेळी परका. चाळिशीला आलेला, दोन मुलांचा बाप असलेला सेल्समनही आपल्या तोंडी ‘दुकानातला पोरगा’च असतो, ते उगाच नाही. पोराला पगार नसतो, खर्चाला पैसे असतात.

मी सॉफ्टवेअर इंजिनीअर आहे. पगार, तास, रजा, नोटीस, सगळं मला कागदावर मिळालं. साहेबाचा मूड कसा आहे यावर माझा रविवार ठरत नाही. आमच्यातली कितीतरी मुलं दुकानदारांच्या घरातली. आठवड्याला दोन सुट्ट्या घेणारे आम्हीच रविवारी बापाच्या, चाचाच्या दुकानात बसून म्हणतो, “स्टाफ प्रोफेशनल नाही.” प्रोफेशनल वागणं हवं असेल तर आधी प्रोफेशनल करार करावा लागतो.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या लढ्यामुळे मुंबईच्या गिरणी कामगारांना १८९० साली रविवारची सुट्टी मिळाली. १९४८ च्या दुकाने व आस्थापना कायद्याने छोट्या दुकानांनाही नियमात आणलं. मग आला महाराष्ट्राचा २०१७ चा कायदा. दिवसाला नऊ तास, आठवड्याला एक सुट्टी, जादा कामाला दुप्पट दर, वर्षाला आठ दिवस नैमित्तिक रजा आणि आठ भरपगारी सणाच्या सुट्ट्या, ज्यातल्या चार मालक आणि कामगारांनी मिळून ठरवायच्या. फार चांगलं. फक्त हे सगळं दहा किंवा अधिक कामगार असलेल्या ठिकाणी. त्याहून लहान दुकानाने आपण धंदा करतो एवढं सरकारला कळवलं की झालं. २०२५ मध्ये तर ही मर्यादा दहावरून वीसवर न्यायला राज्य मंत्रिमंडळाने मंजुरी दिली, दिवसाचे तास नवावरून दहा करायलाही. तुमच्या गल्लीत वीस नोकर असलेली दुकानं किती, ते मोजून बघा.

गंमत पुढे आहे. २०२२ मध्ये याच कायद्यात दुरुस्ती झाली आणि मराठी पाटीची सक्ती दहापेक्षा कमी माणसं असलेल्या दुकानांनाही लागू झाली. पाटी मराठीत हवीच, माझी तक्रार नाही. पण छोट्या दुकानाच्या कपाळापर्यंत पोचणाऱ्या सरकारला त्याच दुकानात बारा तास उभा असलेला माणूस दिसत नाही, याची मात्र तक्रार आहे. संविधानाच्या कलम ४३ मध्ये निर्वाह वेतनाबरोबर फुरसतीचाही उल्लेख आहे. तिथे कामगारांच्या संख्येची अट नाही.

केरळमध्ये कोळिकोडच्या मिठाई तेरुवूसारख्या बाजारातल्या दुकानांत काम करणाऱ्या बायकांनी बसायला खुर्ची मागितली. दिवसभर उभं राहायचं, गिऱ्हाईक नसलं तरी टेकायचं नाही, हे त्यांनी नाकारलं. २०१८ मध्ये तिथला कायदा बदलला, २०२१ मध्ये तामिळनाडूनेही तेच केलं. आपल्या बाजारात स्टूल असतं, पण ते गिऱ्हाइकासाठी.

आता थोडं आपल्या घरात डोकावू, कारण ही पत्रिका वाचणाऱ्यांत दुकानदारही आहेत आणि दुकानात राबणारेही. आपल्याकडे माणूस ठेवला जातो तो ओळखीवर: गावचा, नात्यातला, मोहल्ल्यातला. मग मालक म्हणतो, “आपल्याच माणसाला रोजगार दिला, ही कौमची खिदमतच आहे.” खिदमत म्हटलं की हिशेब मागणारा नमकहराम ठरतो. रमजानच्या शेवटच्या दहा दिवसांत बाजार मध्यरात्रीनंतरही चालू असतो. त्या जादा तासांच्या बदल्यात ईदला एक कपड्यांचा जोड आणि मिठाईचा डबा. दिवाळीच्या हंगामात मालक कोणत्याही धर्माचा असो, हाच रिवाज. काही जण तर जकातीतून नोकराला पैसे देतात आणि तोच त्याचा बोनस धरतात. भेट आपण खुशीने देतो, मजुरी आपण देणं लागतो. देण्याच्या जागी भेट ठेवली, की देणारा मोठा होतो आणि घेणारा लाचार.

“छोट्या दुकानाला हे परवडत नाही,” असं उत्तर येईल. ऑनलाइन विक्री, मॉल, भाडं, उधारी, सगळं खरं आहे. पण लिहून देण्याला खर्च येत नाही. माझ्या मामूंच्या रेडिमेड कपड्यांच्या दुकानात चार माणसं आहेत. सोमवार ते गुरुवार रोज एकाची सुट्टी, शुक्रवार ते रविवार चौघंही हजर. दुकान एकही दिवस बंद नाही. उचल दोन वह्यांत लिहिली जाते, एक मालकाकडे, एक कामगाराकडे. पूर्वी खाडा कापला जायचा, जादा तास मात्र कुठेच मोजले जात नव्हते. आता दोन्ही लिहिले जातात. म्हणून सगळं सुरळीत झालं असं नाही. एक जण थोड्या जास्त पगारासाठी सोडून गेलाच. मोबाइलवरून अजून खटके उडतात. पण न सांगता मारलेले खाडे कमी झाले, कारण ज्याला सुट्टी कधी आहे हे माहीत असतं, त्याला आजी पुन्हा पुन्हा मारावी लागत नाही.

किमान वेतनाला दुकानातल्या माणसांच्या संख्येची अट नाही, हेही लक्षात ठेवा. तो द्यायचाच आहे. तेव्हा सरकार कधी जागं होईल याची वाट न बघता येत्या एक तारखेपासून चार गोष्टी करता येतील: पगार किती आणि तास किती हे एका कागदावर, आठवड्याची सुट्टी पाळीने, उचलीची नोंद दोघांकडे, आणि बसायला एक स्टूल. व्यापारी संघटनांनी हे ठरावात आणावं. आपल्या संघटनेनेही कामगाराला आधी त्याच्या हक्कांची माहिती द्यावी, मग मालकाला उपदेश करावा.

आणि सरकारकडे मागणी एकच. पाटीचा नियम जसा एका माणसाच्या दुकानालाही लावला, तसाच सुट्टीचाही लावा.

तोवर कोणी दुकानदार “घरच्यासारखा आहे” म्हणाला, तर त्याला एवढंच विचारा: त्याची सुट्टी कोणत्या वारी असते?