कॉलरच्या आतले कापड

'नैतिक वस्त्र' हा शब्दप्रयोग आता आपल्या घरांतही येऊन पोहोचला आहे. पुण्या-मुंबईस किंवा परदेशी असलेली मुले सुटीत येतात तेव्हा त्यांच्या सदऱ्यांना सेंद्रिय कापसाची चिठ्ठी असते, आणि लग्नकार्यात आपल्या भगिनी पैठणीची उलटी बाजू पाहून ती हातमागाची आहे की नाही हे पारखतात. या जागृतीचे आम्ही स्वागतच करतो. परंतु ज्या बऱ्हाणपुरात आपली कुटुंबे पिढ्यान् पिढ्या नांदत आहेत, तेथे रात्रंदिवस खडखडणाऱ्या यंत्रमागांविषयी ही जागृती एक अक्षरही उच्चारीत नाही, याचे आम्हांस आश्चर्य वाटते. आणि आश्चर्य म्हणणे हा केवळ सौजन्याचा भाग झाला.

पैठणीच्या विणकराची दया येणे सोपे असते. तो येवल्यास किंवा पैठणास असतो, त्याचे काम सुंदर असते आणि ते अंगावर मिरविता येते. आपल्या गावचा माग मात्र कोरे कापड विणतो. अस्तर विणतो, बुकरम विणतो. सदऱ्याची कॉलर ताठ राहते ती आतल्या बुकरमामुळे, पण ते कोणास दिसत नाही आणि त्यावर कोणाचे नाव नसते. २४ एप्रिल २०१३ रोजी ढाक्याजवळ सावर येथे राणा प्लाझा ही इमारत कोसळून अकराशेहून अधिक माणसे मेली, तेव्हा जगाचे डोळे उघडले. का उघडले? ढिगाऱ्यात मोठमोठ्या कंपन्यांच्या नावांच्या चिठ्ठ्या सापडल्या म्हणून. ज्या कापडाला नावच नाही, त्याच्यासाठी कोणत्या दुकानापुढे निदर्शने होणार? नैतिक वस्त्राची सारी चळवळ नाममुद्रेला लाज आणण्यावर उभी आहे, आणि निनावी कापडापाशी येताच ती मुकी होते.

चिठ्ठीवर तरी किती भिस्त ठेवावी? आपल्या निमाडात सेंद्रिय कापसाचे काम काही ठिकाणी तळमळीने झाले आहे, हे आम्ही जाणतो. परंतु २०२० साली सेंद्रिय वस्त्रांचे मानक सांभाळणाऱ्या जागतिक संस्थेलाच हिंदुस्थानातील वीस हजार टन कापूस बनावट प्रमाणपत्रांवर सेंद्रिय म्हणून खपविला गेल्याचे आढळले. आणि चिठ्ठी खरी असली तरी तिच्यावरील एका शब्दाने आपले समाधान व्हावे काय? कापूस विषमुक्त होता एवढे तो शब्द सांगतो. माग चालविणाऱ्यास पोटापुरते मिळाले की नाही, हे तो एकटा सांगू शकत नाही.

हे दुखणे या शहरास नवे नाही. सतराव्या शतकात ताव्हेर्निये नावाचा फ्रेंच जवाहिऱ्या येथे आला होता. येथील तलम पांढरे आणि फुलांची छपाई केलेले कापड इराण, तुर्कस्तान, अरबस्तान, कैरो, पोलंड, रशिया इतक्या दूरवर जाते, असे त्याने लिहून ठेवले. त्याच ठिकाणी त्याने हेही नोंदविले की, हे मोठे शहर बरेचसे मोडकळीस आलेले असून बहुतेक घरे गवताने शाकारलेली आहेत. कापड कैरोस आणि घरावर गवत! बऱ्हाणपूरच्या वैभवावर भाषण करणारे वक्ते यातील पहिले वाक्य सांगतात आणि दुसरे गिळतात.

१७६० मध्ये उदगीरच्या विजयानंतर हे शहर मराठ्यांकडे आले, याचा उल्लेख आपल्या सभांतून नेहमी होतो. कापडाचा विवेकही आपल्याकडे मागाहून आलेला नाही. १८७७ च्या दिल्ली दरबारास सार्वजनिक काका हातसुताच्या वेषात गेले. १९०५ मध्ये पुण्यात विलायती कापडाची होळी झाली. १२ डिसेंबर १९३० रोजी बाबू गेनू मुंबईत विलायती मालाच्या गाडीखाली चिरडला गेला. पण स्वदेशीचा प्रश्न 'कापड कोणाच्या देशाचे?' असा होता. 'मजुरी किती दिली?' हा प्रश्न वेगळा, आणि तो विचारणारे थोडे. नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांसाठी तो विचारला आणि १८९० मध्ये आठवड्याची सुटी मिळवून दिली. १९३५ मध्ये गांधीजींनी तो खादीलाच विचारला. कातणाऱ्या बाईस आठ तासांच्या कामाचे आठ आणे मिळावेत असा त्यांचा आग्रह होता. खादी महागेल, खपणार नाही, अशी ओरड त्यांच्याच कार्यकर्त्यांनी केली. आठ आणे काही साधले नाहीत, परंतु चरखा संघाने निर्वाहापुरत्या मजुरीचे तत्त्व स्वीकारले. आज खादी भांडारात सवलतीचा फलक पाहून रांग लावणाऱ्या आपल्या मंडळींस हा इतिहास कोणी सांगितलेला दिसत नाही.

आता मागाकडे येऊ. सूत एकाचे, माग दुसऱ्याचा, चालविणारा तिसरा, आणि कापड शेवटी पुन्हा सूतवाल्याच्या पेढीवर, अशी ही व्यवस्था आहे. मागवाल्यास मिळते ती मजुरी, आणि त्या मजुरीतून तो कारागिरास मीटरमागे पैसे देतो. दर मीटरवर ठरला की सगळा धोका आपोआप खाली घसरतो. वीज गेली, माग थांबला, कारागिराची कमाई थांबली. सूत कच्चे निघाले, तार वारंवार तुटली, तरी वेळ त्याचाच गेला. म्हणून तो एकाच वेळी अनेक माग सांभाळतो आणि बारा बारा तास उभा राहतो. धोट्याच्या आवाजात शेजारच्याचे बोलणे ओठांवरून ओळखावे लागते. कापसाची पूड छातीत जाते ती वेगळीच. घरी बायका कांड्या भरतात. त्यांची गणना तर कोणत्याच वहीत नसते.

शासकीय सेवेत आयुष्य गेल्याने कागद केव्हा बोलतो आणि केव्हा गप्प बसतो, हे आम्हांस थोडेफार कळते. १९४८ च्या किमान वेतन अधिनियमाच्या सतराव्या कलमात स्पष्ट म्हटले होते की, उक्त्या दराने काम करणाऱ्यासही, त्याच्यासाठी वेगळा उक्ता दर ठरलेला नसेल तर, वेळेच्या हिशेबाने ठरलेल्या किमान वेतनाहून कमी देता येणार नाही. म्हणजे मीटर कितीही भरोत, दिवसाची मजुरी तळाच्या रेषेखाली जाता कामा नये. पण हा हिशेब करण्यास हजेरीपट लागतो, आणि हजेरीपट नसावा म्हणून एकच छप्पर भावाच्या, भाच्याच्या, पत्नीच्या नावांनी वाटले जाते. त्याच साली झालेल्या कारखाना अधिनियमाची मर्यादा विजेवर चालणाऱ्या ठिकाणी दहा कामगारांची होती. २०२० च्या संहितेत ती वीस झाली आणि ती संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. आता छप्पर वाटण्याचे कष्टही पुष्कळांना पडू नयेत! आपल्या राज्यात १ एप्रिल २०२४ पासून किमान वेतनाचे दर वाढले, तेही दहा वर्षांनी. लगेच उद्योजक इंदूर खंडपीठात गेले, स्थगिती मिळाली, आणि ती उठेपर्यंत डिसेंबर उजाडला.

यावर ठराविक उत्तर येते : मजुरी वाढविली तर धंदा मालेगाव-भिवंडीस जाईल. मालेगावात हेच उत्तर आपल्या गावाचे नाव घेऊन देत असणार. हिशेब तरी करून पाहावा. एका सदऱ्यास सव्वादोन मीटर कापड लागते. मीटरमागे विणकराचा एक रुपया वाढविला, तर सदरा सव्वादोन रुपयांनी महागला. कॉलरीच्या बुकरमाचे तर पैसेसुद्धा मोजता येणार नाहीत. जो ग्राहक चिठ्ठीवरील एका शब्दासाठी पाचशे रुपये जास्त मोजतो, तो या सव्वादोन रुपयांनी पळून जाईल, असे म्हणणे म्हणजे त्याचा नव्हे, आपला स्वभाव सांगणे होय.

आणि 'आपला' हा शब्द आम्ही जाणूनबुजून योजला आहे. मागावरचा मोमीन कारागीर उर्दू बोलतो, आपण मराठी; त्याच्या मोहल्ल्यात आपले जाणेयेणे नाही. परंतु आपल्यापैकी कोणाचा सुताचा व्यवहार आहे, कोणी मागाच्या जागेचे भाडे घेतो, कोणाचे जावई कापडाच्या दलालीत आहेत. परक्यांचा धंदा म्हणून हात झटकण्याची सोय आपल्याला नाही.

म्हणून मंडळापुढे आमची सूचना आहे. हातमागाच्या साड्यांवर व्याख्यान अवश्य ठेवावे. पण त्याच मालिकेत एका माग-कारागिरास बोलवावे. तो हिंदीत बोलेल, आपणांस समजेल. आणि ज्या सभासदांचा या धंद्याशी संबंध आहे, त्यांनी आपण देत असलेला मीटरमागचा दर याच पत्रिकेच्या पुढील अंकात छापावयास द्यावा. त्यास अर्ध्या ओळीहून अधिक जागा लागणार नाही.