वनस्पतीचे नाव, रसायनाचा अंमल

चीनच्या डोंगराळ प्रांतांत, मोठ्या झाडांच्या सावलीत, आपल्या दारुहळदीच्या कुळातील एक ठेंगणी वनस्पती वाढते. तिला 'यिन यांग हुओ' म्हणतात. उन्हाळ्यापासून शरदापर्यंत तिची पाने खुडून वाळवितात, त्यांच्या बारीक पट्ट्या कापतात, मेंढीची चरबी कढईत वितळवून तीत त्या पट्ट्या मंद आचेवर सर्वत्र सारखी तकाकी येईपर्यंत परतून घेतात, आणि इतके संस्कार झाल्यावरच ते द्रव्य वैद्याच्या फडताळात पोहोचते. पुरुषाच्या क्षीण झालेल्या कामशक्तीवर चिनी वैद्यकाने ही वनस्पती सुमारे दोन सहस्र वर्षे योजिली आहे, आणि आज 'पुरुषांसाठी पारंपरिक चिनी वनौषधी' म्हणून जगाच्या बाजारात ज्या गोळ्या आणि कॅप्सुली विकल्या जातात, त्यांपैकी पुष्कळांच्या वेष्टनावर तिचेच नाव प्रामुख्याने छापलेले आढळते. या गोळ्यांविषयी आपल्या वृत्तपत्रांतून सहसा लिहिले जात नाही, हे मला अनिष्ट वाटते. कारण ज्या विषयाची वाच्यता करण्यास सभ्य समाज संकोचतो, त्या विषयाचा व्यापार तेवढ्यावरून थांबत नाही. तो बिनतपासणीचा चालू राहतो, इतकेच.

प्रथम त्या परंपरेस न्याय दिला पाहिजे. चिनी वैद्य रोग्याची जीभ पाहतो, दोन्ही मनगटांवर तीन तीन स्थानी नाडी चाचपतो, आणि एकच तक्रार घेऊन आलेल्या दोन पुरुषांपैकी एकाच्या ठायी मूत्रपिंडाचे 'यांग' म्हणजे उष्ण बल खालावले आहे, तर दुसऱ्याच्या ठायी चिंतेने यकृताची गती कुंठित झाली आहे, असा निर्णय करून दोघांना सर्वस्वी भिन्न काढे देतो. मिंग काळातील झांग जिएबिन (1563–1640) या विख्यात वैद्याने 'यू गुई वान' नामक जो योग सिद्ध केला, त्यात दालचिनी, संस्कारित बचनाग, हरणाच्या शिंगाचा सरस अशी अनेक द्रव्ये एकमेकांस आवर घालीत नांदतात, आणि तो सावकाश, दीर्घकाळ घ्यावयाचा असतो. या उपपत्तीतील सगळेच आधुनिक शरीरशास्त्राच्या कसोटीस उतरेल असे मी म्हणत नाही. यिन यांग हुओमधील 'इकारिन' हे द्रव्य ज्या किण्वकास रोखते, त्याच किण्वकास 'सिल्डेनाफिल' हे आधुनिक औषधही रोखते, हे प्रयोगशाळेत दिसून आले आहे. परंतु इकारिनचे बल त्या मानाने कित्येक पटींनी उणे, आणि आतड्यातून त्याचे शोषणही अल्पच होते. तेव्हा कोणतेही वनौषध तासाभरात खात्रीचा गुण देईल, असे आश्वासन ना त्या परंपरेने दिले आहे, ना आधुनिक शास्त्र देऊ शकते.

आणि तरीही बाजारातील कित्येक कॅप्सुली तासाभरात गुण देतात, हीच खरी चिंतेची बाब आहे. इंग्लंडमधील सँडविच येथील फायझरच्या प्रयोगशाळेत हृदयशूलावर म्हणून ज्याचे संशोधन झाले, त्या सिल्डेनाफिलला मार्च 1998 मध्ये कामशक्तीच्या तक्रारीवरील औषध म्हणून अमेरिकेत मान्यता मिळाली, आणि तेव्हापासून वनौषधींच्या व्यापाऱ्यांस एक हुकमी भुकटी सापडली. पानांच्या चूर्णात ती मिसळावी, वेष्टनावर डोंगर आणि औषधी मुळे छापावी, 'संपूर्ण नैसर्गिक, दुष्परिणामरहित' अशी ग्वाही द्यावी, आणि गुणाचे सारे श्रेय प्राचीन वैद्यकास द्यावे, अशी ही रीत आहे. 2007 ते 2016 या दहा वर्षांत अमेरिकेच्या औषध खात्याने ज्या 776 पूरक द्रव्यांत छुपी औषधे असल्याचे जाहीर केले, त्यांपैकी 353 कामशक्तीसाठी विकली जात होती. खुद्द चीनमध्येही 2015 साली ग्वांगशी प्रांतातील ल्यूजौ शहरात दोन मद्यनिर्मात्यांनी आपल्या आरोग्यवर्धक म्हणविल्या जाणाऱ्या मद्यात हेच रसायन मिसळल्याचे उघडकीस आले, आणि पाच हजारांहून अधिक बाटल्या जप्त झाल्या.

परंतु या व्यवहारात माणसाचा बळी कसा जातो, हे पाहावयाचे असेल तर 2008 सालच्या सिंगापूरकडे वळले पाहिजे. त्या वर्षी जानेवारी ते मे या अवधीत तेथील पाच सरकारी रुग्णालयांत 150 रुग्ण असे दाखल झाले, की ज्यांना मधुमेह नव्हता, आणि तरीही ज्यांच्या रक्तातील साखर जीव धोक्यात यावा इतकी उतरली होती. एकाचा अपवाद वगळता ते सारे पुरुष होते. शिरेतून ग्लुकोज द्यावे, रोग्याने डोळे उघडावे, आणि काही वेळाने साखर पुन्हा घसरावी, असा हा प्रकार. तपास करता बहुसंख्य रुग्णांच्या रक्तात वा लघवीत 'ग्लिबेनक्लामाइड' हे मधुमेहावरील औषध आढळले. ते कामशक्तीसाठीच्या एका पाश्चात्त्य गोळीच्या नकलेत आणि त्याच कामासाठी वनौषधी म्हणून विकल्या गेलेल्या तीन तयार औषधांत मिसळलेले निघाले. दिवसभरात ज्याची मात्रा 20 मिलिग्रॅमच्या पुढे नेऊ नये असा दंडक, ते एकेका गोळीत 100 मिलिग्रॅमपर्यंत भरलेले होते. सातजण दीर्घ बेशुद्धीत गेले, चारजण दगावले.

या हकिकतीतील एक आकडा माझ्या मते सर्वांत बोलका आहे. त्या 150 जणांपैकी, आपण अशी गोळी घेतली होती, असे डॉक्टरांपाशी कबूल करणारे अवघे 45 निघाले. मृत्यू उशाशी उभा असतानाही उरलेल्यांना खरे सांगवले नाही, किंवा सांगण्याइतकी शुद्ध उरली नाही. आणि डॉक्टरांस कारण ठाऊक नसताना उपचार करावे लागले. भेसळ करणारा याच लज्जेच्या भरवशावर असतो: फसलेला ग्राहक फिर्याद देणार नाही, पावती दाखविणार नाही, आणि घरातील माणसांस तर काहीच कळू देणार नाही.

ही लज्जा आपल्याकडेही तेवढीच आहे. र. धों. कर्वे यांनी 1927 पासून 1953 पर्यंत 'समाजस्वास्थ्य' हे मासिक चालवून, खटले आणि उपेक्षा सोसून, या विषयावर मराठीत शास्त्रशुद्ध बोलण्याचा पायंडा पाडला. तो आपण पुढे चालविला नाही, याचा मला मनापासून खेद होतो. कामशक्ती वाढविण्याचा दावा करणाऱ्या औषधांच्या जाहिरातींस आपल्या देशात 1954 च्या कायद्याने मनाई आहे, पण मोबाईलच्या पडद्यावर येणाऱ्या जाहिरातींपुढे तो बंदोबस्त अपुरा पडतो. सबब, अन्न व औषध प्रशासनाने परदेशी वनौषधींचे नमुने स्वतः विकत घेऊन नियमितपणे तपासावेत आणि दोषी मालाची नावे मराठी वृत्तपत्रांतून प्रसिद्ध करावीत, अशी माझी आग्रहाची सूचना आहे.

डॉक्टरांकडे माझे मागणे याहून साधे आहे. शिश्नातील धमन्या हृदयाच्या धमन्यांपेक्षा अरुंद असल्यामुळे रक्तवाहिन्यांचा विकार पुष्कळदा तेथे आधी प्रकट होतो. कामशक्तीची क्षीणता ही मधुमेहाचीही एक खूण असू शकते. म्हणजे जी तक्रार लपविण्यासाठी पुरुष चोरून गोळी मागवितो, तीच तक्रार वेळीच कानी पडली तर कदाचित पुढचा हृदयविकाराचा झटका टळेल. मधुमेहाच्या आणि रक्तदाबाच्या रुग्णांस, इतरांना बाहेर थांबवून, हा प्रश्न डॉक्टरांनीच आपण होऊन विचारावा, आणि घरी अशी बाटली असल्यास ती घेऊन यावयास सांगावे.

आणि ज्याने अशी गोळी घेतलेलीच आहे, त्याच्या छातीत कळ आली, तर जिभेखाली ठेवावयाची सॉर्बिट्रेटची गोळी कोणी पुढे करण्यापूर्वी त्याने हे अवश्य सांगितले पाहिजे. कारण सिल्डेनाफिलच्या अंमलात ती गोळी रक्तदाब प्राणांतिक पातळीपर्यंत खाली आणू शकते, आणि बाटलीवर ज्याचे नावच छापलेले नाही, त्या रसायनाचा अंदाज समोरच्या डॉक्टरास रोग्याच्या तोंडूनच येऊ शकतो.