पडद्यावरची आवड

लिनक्स ही संगणकप्रणाली वापरणाऱ्यांत एक वाद वर्षानुवर्षे चालत आला आहे : केडीई चांगले की ग्नोम? ही दोन्ही डेस्कटॉपची रूपे. संगणक सुरू झाल्यावर दिसणाऱ्या खिडक्या, चित्रे, मेनू आणि पट्ट्या यांची मांडणी ती करतात. आतील यंत्रणा तीच राहत असल्याने पुष्कळ जाणकार या वादाला हसतात. ते हसणे अनाठायी आहे.

केडीईचा आरंभ १९९६ मध्ये माथियास एट्रिख या जर्मन विद्यार्थ्याने केला. त्याचा पाया असलेले क्यूट हे सॉफ्टवेअर तेव्हा पूर्णपणे मुक्त नव्हते. म्हणून १९९७ मध्ये मेक्सिकोच्या मिगेल दे इकाझा आणि फेदेरिको मेना यांनी ग्नोमचे काम हाती घेतले. मुळात ही दुफळी आवडीची नव्हतीच. ती तत्त्वाची होती. २००० मध्ये क्यूट मुक्त परवान्याखाली आले आणि मतभेदाचे ते कारण सरले. तरीही दोन्ही घरे नांदत राहिली, कारण तोवर माणसांचे हात आपापल्या घराला सरावले होते.

हात सरावणे ही क्षुल्लक गोष्ट नव्हे. शिंपी आपली कात्री सहसा दुसऱ्याच्या हाती देत नाही. त्याला कोणी हट्टी म्हणत नाही. दिवसभर पडद्यासमोर बसणाऱ्या कारकुनाचेही तसेच आहे. २०११ मध्ये ग्नोम ३ आले आणि खिडकी लहान करण्याचे बटणच नेहमीच्या जागेवरून नाहीसे झाले. खुद्द लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स उघडपणे चिडले व एक्सएफसीईकडे वळले. (पुढे जोडसाधनांच्या आधारे ते ग्नोमकडे परतले, हेही खरे.) काहींनी जुन्या ग्नोमचीच प्रत घेऊन ‘माटे’ उभे केले. सॉफ्टवेअर मुक्त होते, म्हणूनच हे जमले. याउलट २०१२ मध्ये विंडोज ८ मधून ‘स्टार्ट’चे बटण गेले, तेव्हा ते परत मिळवण्यासाठी ग्राहकांना कंपनीच्या पुढील आवृत्तीची, म्हणजे २०१३ ची, वाट पाहावी लागली.

मात्र ज्याने एकच डेस्कटॉप पाहिला, त्याच्या सवयीला आवड म्हणता येणार नाही. आपल्याकडे बहुतेकांची निवड संगणक विकणाऱ्या दुकानदारानेच केलेली असते. केडीई आणि ग्नोम या दोहोंची मराठी भाषांतरे झालेली आहेत, हेदेखील त्यामुळे अनेकांच्या कानावर येत नाही.