नागरी परिषदा, समाजमाध्यमे आणि गोल बाजारातील श्रमिक

नगरविकासाची परिषद भरवायची, तिचे निमंत्रण फेसबुकवर टाकायचे, व्हॉट्सॲपच्या गटांतून फिरवायचे आणि प्रतिसादाचे आकडे अहवालात छापून ‘लोकसहभाग’ सिद्ध झाल्याचे जाहीर करायचे, ही रीत आता रूढ झाली आहे. रायपूरच्या गोल बाजारासारख्या जुन्या बाजारपेठेच्या दृष्टीने पाहिले म्हणजे तिचा पोकळपणा ध्यानात येतो. पक्क्या दुकानातील व्यापाऱ्याला निमंत्रण पोचते. त्याची संघटनाही असते. पण जमिनीवर पसरा मांडून बसणाऱ्या विक्रेतीला, हमालाला, रिक्षावाल्याला ते पोचलेच, तरी परिषदेची भाषा त्यांची नसते आणि वेळ ऐन धंद्याची असते. दिवसाची विक्री बुडवून भाषणे ऐकायला कोण जाईल?

अनुभव ताजा आहे. जून २०१५ मध्ये केंद्र सरकारने स्मार्ट सिटी योजना सुरू केली. मे २०१६ च्या यादीत रायपूरचा समावेश झाला. प्रस्तावासाठी नागरिकांचा सल्ला घेणे बंधनकारक होते आणि त्यासाठी संकेतस्थळे व समाजमाध्यमे यांचा मोठा गाजावाजा झाला. प्रत्यक्ष अंमलबजावणी मात्र देशभर कंपनी कायद्याखाली स्थापिलेल्या कंपन्यांकडे गेली. मत सर्वांना विचारावयाचे आणि निर्णय संचालक मंडळाने घ्यावयाचा! मार्च २०२५ मध्ये योजना संपली, पण सल्लामसलतीची ती पद्धत संपलेली नाही.

म्हणून माध्यमच टाकाऊ ठरवणे चुकीचे होईल. याच छत्तीसगडमध्ये २०१० साली शुभ्रांशु चौधरी यांनी ‘सीजीनेट स्वर’ सुरू केले. त्याला स्मार्टफोन लागत नाही, अक्षरओळखही लागत नाही. साध्या फोनवरून गोंडीत किंवा छत्तीसगढीत आपले म्हणणे नोंदवायचे. ते पडताळून इतरांना फोनवरच ऐकवले जाते. थकलेली मजुरी, बंद पडलेला हातपंप अशा तक्रारींबरोबर संबंधित अधिकाऱ्याचा क्रमांकही सांगितला जातो आणि ऐकणारे त्याला फोन करून जाब विचारतात. येथे माणूस श्रोता राहत नाही. विषय तोच ठरवतो. मोठ्या शहरातील कोणत्या परिषदेने हा धडा घेतला?

परिषद खरोखर व्यापक करावयाची असेल, तर विषयपत्रिका ठरण्यापूर्वीच बाजारातील माणसाचा आवाज नोंदवून घेतला पाहिजे, सभा धंदा आटोपल्यावर बाजारातच भरली पाहिजे आणि जे ठरले ते त्याच फोनवरून परत ऐकवले पाहिजे. याला कायद्याचा आधारही आहे. पथविक्रेता कायदा २०१४ नुसार नगर पथविक्रेता समितीत किमान ४० टक्के प्रतिनिधी विक्रेत्यांनी स्वतः निवडून दिलेले असावे लागतात. त्यांत एक तृतीयांश स्त्रिया. तीन लाखांवर वस्तीच्या शहरांत प्रभाग समित्या असाव्यात, हे तर ७४ व्या घटनादुरुस्तीनेच सांगितले. ती अमलात आली १९९३ साली. या निवडणुकांची तारीख, मतदारयादी, समितीचे इतिवृत्त हा मजकूर समाजमाध्यमांवर क्वचितच झळकतो. उद्घाटनाची छायाचित्रे मात्र नेमाने येतात.

गोल बाजारासारख्या बाजारांत काम करणाऱ्या संघटनांनी पुढील परिषदेच्या निमंत्रणाची वाट न पाहता पथविक्रेता समितीची यादी महापालिकेकडे मागावी आणि ती पसऱ्यापसऱ्यावर वाचून दाखवावी.