कृषी प्रदर्शनात शेतकऱ्याचा कांदा कुठे आहे?

डिसेंबर उजाडला की आमच्या शनिवार पेठेतसुद्धा कृषी प्रदर्शनाचे फ्लेक्स लागतात. पेठेत शेती कोण करतं हे विचारू नका, खांब रिकामा होता, लावला. वर पाहुण्यांचे फोटो, मध्ये ट्रॅक्टर, खाली प्रायोजकांची रांग. नावात 'राष्ट्रीय' नाहीतर 'आंतरराष्ट्रीय' असतंच. शेतकरीही असतो, कोपऱ्यात, फेटा बांधून हसणारा, नेटवरून उचललेला.

माझा प्रश्न साधा आहे. या प्रदर्शनांत शेतकऱ्याने स्वतः पिकवलेली एक तरी गोष्ट मांडलेली असते का? एखाद्याचा कांदा, एखाद्याची ज्वारी, एखाद्याची खिलार खोंडं?

प्रश्न नवा नाही. महात्मा फुल्यांनी १८८३ साली 'शेतकऱ्याचा असूड' पुरा केला. आपण त्यातला संताप लक्षात ठेवतो, पण शेवटी त्यांनी उपायही सांगितलेत. बंधारे, तलाव, पाणाड्यांकडून झऱ्यांचा शोध, मेंढ्यांची चांगली पैदास, आणि त्यातच प्रदर्शन. श्रावणात प्रदर्शन भरवा, आश्विनात शेतातल्या पिकांची आणि औत हाकण्याची परीक्षा घ्या, चांगल्या शेतकऱ्यांना बक्षिसं द्या, दर तीन वर्षांनी पदव्या द्या, असं ते सरकारला सांगतात.

नीट बघा. परीक्षा पिकाची आणि औत हाकण्याची आहे. म्हणजे या प्रदर्शनातला मुख्य माणूस शेतकरी. आणि महिने बघा. आश्विनात खरीप उभं असतं, तेव्हाच पीक तपासता येतं. आपली प्रदर्शनं डिसेंबर-जानेवारीत. (पावसात मांडव टिकत नाही हेही खरं, मान्य.) पण कॅलेंडर कुणाच्या सोयीचं आहे ते लपत नाही.

फुल्यांचं आपण काय केलं? मंडईला त्यांचं नाव दिलं. तीच मंडई, जिच्या खर्चाला त्यांनी नगरपालिकेत विरोध केला होता. पदव्यांचंही ऐका. राज्य सरकारचे कृषी पुरस्कार आहेत, कृषीभूषण, कृषीरत्न वगैरे. २०२०, २०२१ आणि २०२२ असे तीन वर्षांचे पुरस्कार २०२४ मध्ये एकदम वाटले. दर तीन वर्षांनी पदव्या द्या हे तेवढं सरकारने अक्षरशः पाळलं म्हणायचं!

आता कुणी म्हणेल, जगात सगळीकडे प्रदर्शन म्हणजे विक्रीच. नाही हो. इंग्लंडचं रॉयल शो १८३९ ला ऑक्सफर्डमध्ये सुरू झालं, पुढे सव्वाशे वर्षं गावोगाव फिरत राहिलं, २००९ मध्ये बंद पडलं. त्यांच्या सोसायटीने वाफेच्या नांगराला ५०० पौंडांचं बक्षीस लावलं होतं. घोड्यांपेक्षा स्वस्तात नांगरून दाखवा आणि घेऊन जा. १८५८ साली चेस्टरला जॉन फाउलरने ते जिंकलं. म्हणजे तिथे कारखानदाराने चकचकीत यंत्र आणून उभं केलं आणि भागलं असं नव्हतं. त्याला सगळ्यांसमोर ढेकळं फोडावी लागत, खर्चाचा हिशोब द्यावा लागे. परीक्षा विकणाऱ्याची होती.

आपल्याकडचं सगळ्यात मोठं उदाहरण म्हणजे दिल्लीचा जागतिक कृषी मेळा. डिसेंबर १९५९, उद्घाटनाला खुद्द आयझेनहॉवर. त्यामागे होते आपल्या विदर्भाचे डॉ. पंजाबराव देशमुख आणि त्यांनी उभा केलेला भारत कृषक समाज. पंजाबरावांच्या हेतूबद्दल मला शंका नाही, खेड्यातल्या माणसाला जग दिसावं ही तळमळ होती. पण शीतयुद्धाचे दिवस. अमेरिकेचं दालन, रशियाचं दालन, कुणाची यंत्रं भारी याची चढाओढ. शेतकरी बघ्या. देश गेले, कंपन्या आल्या, बघ्या तसाच राहिला. फक्त आता त्याच्याकडून नंबर लिहून घेतात आणि वर्षभर फोन करतात.

आणि हा बघ्या आहे केवढ्या जमिनीचा मालक? पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरॉल्ड मान यांनी पिंपळे सौदागरचा अभ्यास १९१७ मध्ये छापला. १७७१ साली तिथे सरासरी ४० एकरांचं खातं होतं, मान यांच्या वेळी ७ एकर. आज पिंपळे सौदागरला टॉवर आहेत, तो विषय वेगळा. राज्याची सरासरी २०१५-१६ च्या कृषी गणनेत १.३४ हेक्टर, म्हणजे सव्वातीन एकरांच्या आसपास. एवढ्या रानात कोणतं यंत्र किती वर्षांत फिटतं, हे सांगणारा फलक मला आजवर एकाही स्टॉलवर दिसलेला नाही. हप्ता किती ते लगेच सांगतात.

माझ्या आतेभावाने मागे अशाच एका प्रदर्शनातून पीकवाढीच्या दोन बाटल्या आणल्या. कोणत्या पिकाला, किती, कधी, कशाचा पत्ता नाही. २०२१ पासून असली जैव-उत्तेजकं खत नियंत्रण आदेशाखाली आली आहेत, नोंदणी लागते. बाटलीवर नोंदणीबिंदणी काही नव्हतं. तक्रार करायला फोन केला तर स्टॉल उठलेला, नंबर बंद.

सगळं वाईट आहे असं म्हणत नाही. ठिबक, मल्चिंग, टिश्यू कल्चरची केळी गावात पोचली त्यात प्रदर्शनांचा वाटा आहे. बारामतीच्या कृषी विज्ञान केंद्रात उभं पीक दाखवतात, ते रास्त आहे. नांदेड जिल्ह्यातल्या माळेगावला खंडोबाच्या यात्रेत जिल्हा परिषद पशुप्रदर्शन भरवते, बैल शेतकऱ्याचा असतो आणि बक्षीसही त्यालाच. म्हणजे जमतं. अहो, एम्प्रेस गार्डनच्या पुष्पप्रदर्शनात गुलाबाला बक्षीस मिळतं. बंगल्यातल्या कुंडीला परीक्षक आहे, जुन्नरच्या कांद्याला नाही? कृषी खात्याची पीक स्पर्धा असते म्हणाल, तर तिचा निकाल तुमच्या ओळखीत कितीजणांना माहीत आहे सांगा.

खासगी आयोजकाने स्वतःच्या पैशाने बाजार भरवावा, माझी ना नाही. पण सरकारी मैदान, सरकारी अनुदान किंवा मंत्र्याचा फोटो वापरायचा असेल तर अटी घाला. निम्मा नको, पाव मांडव शेतकऱ्यांच्या मालाला फुकट द्या. परीक्षक विद्यापीठाचे आणि शेतकऱ्यांचे असावेत. प्रत्येक बाटलीमागे नोंदणी क्रमांक टांगा. यंत्र विकायचं तर शेजारच्या रानात चालवून दाखवा, एकरी डिझेल किती लागलं ते फळ्यावर लिहा.

यंदाच्या फ्लेक्सवर ज्यांची नावं आहेत त्यांना आणि जिल्हा कृषी अधीक्षकांना हेच पत्र पाठवतोय. ज्यांना आपलं नाव घालायचंय त्यांनी खाली गाव आणि पीक लिहा. उत्तर आलं की जसंच्या तसं इथे टाकतो, नाही आलं तरी टाकतो.

शनिवार पेठ, पुणे ३०