विश्लेषण : रायफल ऐनवेळी का अडकते? दोष बंदुकीचा, काडतुसाचा की नोंदच न ठेवणाऱ्यांचा?

अमेठीजवळच्या कोरवा येथील कारखान्यात 'एके-२०३' रायफली तयार होत आहेत. डिसेंबर २०२१ मधील करारानुसार अशा सहा लाखांहून अधिक रायफली तिथे बनणार आहेत. त्याआधी २०१९ मध्ये सिग सॉअर कंपनीच्या ७२,४०० रायफलींची खरेदी झाली. दोन्ही वेळी पल्ला, वजन आणि गोळीचा व्यास यांवर भरपूर चर्चा झाली. पण जवानाचा पहिला प्रश्न साधा असतो. चाप ओढल्यावर गोळी सुटेल का? आणि त्यानंतरची? 'भरवशाची रायफल' हे शब्द जाहिरातीत सहज येतात. प्रत्यक्षात भरवसा कशातून येतो, हे समजून घ्यायला हवे.

एका गोळीमागे काय काय घडते?

सेमी-ऑटोमॅटिक रायफलीत एकदा चाप ओढला की एक गोळी सुटते, पण पुढचे काडतूस आपोआप भरले जाते. त्यासाठी लागणारी ताकद गोळीमागच्या गरम वायूतूनच येते. बहुतेक आधुनिक रायफलींत नळीतील थोडा वायू बाजूला वळवला जातो. त्याच्या दाबाने बोल्ट मागे जातो, रिकामी पुंगळी ओढून बाहेर फेकतो आणि स्प्रिंगच्या जोरावर पुढे येताना मॅगझिनमधले नवे काडतूस आत ढकलतो. हे सगळे सेकंदाच्या दहाव्या भागाच्या आत उरकते.

इथे सगळा खेळ संतुलनाचा आहे. वायू कमी पडला तर बोल्ट पुरेसा मागे जात नाही. जास्त झाला तर पुंगळी चेंबरला घट्ट चिकटलेली असतानाच ती ओढली जाते आणि अडकते. त्यात धूळ, थंडी, वंगण, मॅगझिनची स्प्रिंग आणि काडतुसातील दारूची जात यांची भर पडते. पोलीस बंदोबस्तात आपण पाहिलेली एसएलआर ही याच जातीची रायफल. तिच्या मूळ बेल्जियन रचनेत वायूचे प्रमाण कमी-जास्त करण्याची सोय होती. बंदूक घाण झाली, तर जवान पिस्टनला थोडा जास्त वायू देऊ शकत असे. परिस्थिती बदलणार, हे रचनाकाराने आधीच गृहीत धरले होते.

'एम-१६'च्या बाबतीत काय बिनसले?

याउलट उदाहरण व्हिएतनाम युद्धातले आहे. यूजीन स्टोनर यांनी रचलेली हलकी रायफल अमेरिकी सैन्याने 'एम-१६' या नावाने १९६० च्या दशकात स्वीकारली. मूळ चाचण्या एका प्रकारच्या दारूच्या काडतुसांवर झाल्या होत्या. सैन्याला पुरवठा झाला तो दुसऱ्या प्रकारच्या दारूचा. त्यामुळे गोळीबाराचा वेग वाढला आणि आत साचणारी काजळीही. चेंबरला क्रोमचा मुलामा नव्हता, त्यामुळे दमट हवेत गंज धरे. कहर म्हणजे, या रायफलीला फारशी सफाई लागत नाही असा समज पसरला होता आणि सफाईचे साहित्यही पुरेसे पोहोचले नव्हते. लढाई चालू असताना सैनिकांना नळीत गज घालून अडकलेली पुंगळी बाहेर ढकलावी लागत होती.

सैनिकांनी घरी लिहिलेल्या पत्रांतून हे बाहेर आले. १९६७ मध्ये प्रतिनिधी रिचर्ड इकॉर्ड यांच्या अध्यक्षतेखालील संसदीय उपसमितीने चौकशी केली आणि लष्करी व्यवस्थापनावर कठोर ताशेरे ओढले. मग चेंबरला क्रोमचा मुलामा आला, बफर बदलला, सफाईचे संच पोहोचले आणि देखभाल शिकवणारी चित्रमय पुस्तिकाही निघाली. त्याच रायफलीच्या पुढच्या पिढ्या आजही वापरात आहेत.

म्हणजे रचना मुळातच टाकाऊ नव्हती. बंदूक, काडतूस आणि देखभाल या तिन्हींचा विचार तीन वेगळ्या टेबलांवर झाला होता. तो एकत्र होण्याआधी माणसे गेली.

भारताचा अनुभव काय सांगतो?

आपली 'इन्सास' पुण्यातील एआरडीई या संशोधन संस्थेत घडली आणि १९९० च्या दशकात लष्कराकडे आली. १९९९ च्या कारगिल युद्धात प्लॅस्टिकची मॅगझिन थंडीत तडकण्याच्या आणि रायफल अडकण्याच्या तक्रारी झाल्या. २००५ मध्ये कालीकोट येथे माओवाद्यांशी झालेल्या चकमकीत चाळीसहून अधिक जवान गमावल्यावर नेपाळी लष्करानेही 'इन्सास'कडे बोट दाखवले. भारताकडून उत्तर आले ते वापर आणि देखभालीत चूक असल्याचे.

हे उत्तर बरोबर होते की चूक, हा मुद्दा नाही. ते तपासून पाहता येईल अशी आकडेवारी लोकांसमोर नव्हती, हा मुद्दा आहे. किती गोळ्यांमागे किती वेळा अडथळा आला? कोणत्या तापमानात? कोणत्या कारखान्याच्या, कोणत्या बॅचच्या काडतुसांवर? या नोंदी समोर नसतील, तर वाद 'स्वदेशी विरुद्ध विदेशी' असा भावनिक होतो आणि उपाय एकच उरतो : रायफलच बदला.

इंजिनीअरिंगच्या पहिल्या वर्षीच शिकवतात की, प्रत्येक सुटा भाग मापात असूनही जोडलेले यंत्र बिघडू शकते, कारण छोटे छोटे फरक एकमेकांत मिसळत जातात. रायफलीला हा नियम सर्वात कठोरपणे लागू होतो. मॅगझिनसारखा स्वस्त भाग महागड्या रायफलीला काठी बनवू शकतो.

मग करायला काय हवे?

पहिली गोष्ट, रायफल ज्या काडतुसांवर आयुष्यभर चालणार आहे, त्यांच्यावरच तिची चाचणी व्हावी. जळगाव जिल्ह्यातील वरणगाव आणि पुण्यातील खडकी इथल्या कारखान्यांत लष्करासाठी काडतुसे बनतात. त्यांचा माल आणि नवी रायफल यांची गाठ थेट सीमेवर पडू नये. दारू, मॅगझिन किंवा वंगण यांपैकी काहीही बदलले, तर चाचणी पुन्हा करावी.

दुसरी गोष्ट, प्रत्येक अडथळ्याची नोंद तुकडीच्या पातळीवर व्हावी आणि तिचा गोषवारा दरवर्षी संसदेच्या संरक्षणविषयक स्थायी समितीसमोर यावा. तक्रार करणाऱ्या जवानाला 'तूच नीट पुसली नसशील' असे ऐकावे लागू नये. कारण सामान्य जवानाला जमणार नाही अशी सफाई मागणारी बंदूक हाही रचनेचाच दोष आहे.

यावर गुप्ततेचा आक्षेप येईल आणि तो अगदीच गैर नाही. सगळे तपशील चव्हाट्यावर मांडावेत, असे कोणी म्हणत नाही. पण इकॉर्ड समितीची चौकशी ऐन युद्धात झाली, तिचा अहवालही युद्ध चालू असतानाच आला आणि त्यातून रायफल सुधारली. शिवाय रायफल अडकते हे शत्रूला समोरून दिसतच असते. अंधारात राहतो तो करदाता आणि त्याने निवडून दिलेला प्रतिनिधी.

एआरडीईने हैदराबादच्या एका खासगी कंपनीसह बनवलेली 'उग्रम' रायफल जानेवारी २०२४ मध्ये पुण्यात सादर झाली. कोरव्यातील उत्पादनही सुरू आहे. म्हणजे पुढच्या दोन-तीन दशकांत जवानांच्या हाती काय असेल, ते आज ठरत आहे. 'इन्सास'च्या वेळी न मांडलेला हिशेब या रायफलींसाठी पहिल्या बॅचपासून मांडायला घेतला, तर तो फार महाग नाही. न मांडलेल्या हिशेबाची किंमत मात्र दरवेळी सर्वात पुढे उभा असलेला माणूस चुकवतो.