साइन(९०) चे उत्तर १ का येत नाही?

उल्हासनगर कॅम्प ४ मधील एखाद्या कॉम्प्युटर क्लासात पायथॉन शिकणारा विद्यार्थी मॅथ मॉड्यूल आणतो, साइन फंक्शनला ९० हा आकडा देतो आणि बुचकळ्यात पडतो. शाळेत पाठ केलेले उत्तर १. पडद्यावर मात्र ०.८९३९. "आधी रेडियन कर," असे त्याला सांगितले जाते. तो तसे करतो, उत्तर १ येते आणि प्रश्न तिथेच विझतो. तो विझू देऊ नये, एवढेच या थ्रेडचे म्हणणे.

भारतीय ज्योतिषग्रंथांत वर्तुळाची त्रिज्या ३४३८ धरलेली आढळते. आकडा विक्षिप्त दिसतो. पण वर्तुळाच्या २१,६०० कलांना दोन पायने भागले, की ३४३७.७५ येतात, एका रेडियनमध्ये कलाही तितक्याच. चाप आणि ज्या एकाच मापाने मोजायची ही सोय इ. स. ४९९ च्या सुमारास आर्यभटाकडे आहे. तोच विचार आज रेडियन या नावाने परका वाटतो.

'ज्या' म्हणजेच 'जीवा'. तिचे अरबीत 'जीबा', ते चुकून 'जैब' वाचले गेले आणि लॅटिनमध्ये त्याचे 'सायनस' झाले. ही गोष्ट सर्वांना ठाऊक असते, फॉरवर्डही होते. शब्दाचा अभिमान स्वस्तात मिळतो. कृती मात्र कोणी करून पाहत नाही.

कॅम्प ४ पासून जवळच असलेल्या अंबरनाथच्या शिवमंदिराचा शिलालेख शके ९८२ चा, म्हणजे १०६० चा. त्यानंतर ९० वर्षांनी, ११५० मध्ये, भास्कराचार्यांनी 'सिद्धान्तशिरोमणी' रचला. त्यातील ज्योत्पत्ति प्रकरणात एकेका अंशाची ज्या काढण्याची रीत आहे : हातातील ज्येतून तिचा ६५६९ वा भाग वजा करावा, कोटिज्येला १० ने गुणून ५७३ ने भागावे, दोन्हींची बेरीज म्हणजे पुढच्या अंशाची ज्या. शून्यापासून आरंभ केला तर कोटिज्या ३४३८. तिला १० ने गुणून ५७३ ने भागले की नेमके ६० येतात. एक अंश म्हणजे ६० कला. पहिल्याच पायरीला चाप आणि ज्या एक! त्रिज्येच्या वर्गातून ज्येचा वर्ग वजा करून वर्गमूळ घेतले की नवी कोटिज्या मिळते आणि पुढची फेरी सुरू होते.

आजच्या लायब्ररीत हीच रीत दडली आहे, असे म्हणणे मात्र खोटे ठरेल. पायथॉनचे मॅथ मॉड्यूल बहुतांशी सी भाषेच्या लायब्ररीवर विसंबते. तिथे सामान्यतः कोन आधी लहान टप्प्यात आणतात आणि मग बहुपदीने उत्तर काढतात.

चाळीसगावजवळच्या पाटण येथील १२०७ चा शिलालेख भाऊ दाजी लाड यांनी उजेडात आणला. भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी स्थापलेल्या मठाची ती नोंद. लेखाचा शेवटचा भाग जुन्या मराठीत आहे : बाजारातील विक्रीवर राजाला मिळणारा कर मठाला दिला, आणि दर घाण्यामागे पळीभर तेलही. गणित समजावून सांगण्याचा खर्च गावच्या बाजाराने उचलला होता.

कॅम्प ४ मधला विद्यार्थी फी स्वतःच्या खिशातून भरतो. निदान त्याच्याकडून आधी ती ९० फेऱ्यांची लूप लिहून घ्यावी. मॅथ मॉड्यूल त्यानंतर उघडावे.